नॉर्मल

"कमी निघालं! आई, माहं लोह कमी निघालं!"

तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्या छोट्याशा लॅबमध्ये बसलेली सगळी माणसं पिंकीकडे बघायला लागली. रिपोर्ट खराब आला म्हणून अशी नाचणारी बाई त्यांनी कधी बघितली असेल? पिंकीला कुणाची पर्वा नव्हती. कागद छातीशी धरून ती सासूसमोर उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

सासू म्हणजे शांताबाई. मागच्या खेपेला पिंकी तापानं फणफणली तेव्हा त्यांनीच तिला इथं आणलं होतं. रक्त काढायचंच आहे तर हिच्या रोजच्या थकव्याचाही एकदाचा निकाल लागू द्या, असं म्हणून अंगातला लोहाचा साठा मोजायला लावला. तो आला नॉर्मल. झालं, शांताबाईंना रानच मोकळं मिळालं. पिंकी जिन्यात धापा टाकत बसली की त्या म्हणायच्या, बसली नॉर्मल. पोळ्या लाटताना भिंतीला टेकली की, टेकली नॉर्मल. उरला भागातल्या कारखान्यातून घरी आलेला नवरा इंद्रजीतही आईच्या जोडीनं बायकोला हसायचा. शेवटी पिंकीलाच वाटायला लागलं, आपण खरंच कामचोर आहोत की काय. रात्र रात्र रडली बिचारी.

मग थकवा काही जाईना म्हणून ती एकटीच लॅबमध्ये आली. लॅबच्या डॉक्टर अपर्णादीदींनी जुना रिपोर्ट बघून एकच गोष्ट विचारली, त्या दिवशी ताप होता का? होता म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. तापात हा आकडा उगाच फुगतो, साठा रिकामा असला तरी भरल्यासारखा दिसतो. ताप नसताना पुन्हा रक्त द्या, म्हणाल्या. पिंकीनं दिलं, आणि आज निकाल घ्यायला हट्टानं सासूलाच सोबत आणलं.

"नाटक नव्हती करून राहिली मी," पिंकी म्हणाली. आता मात्र तिचे डोळे भरून आले.

दीदी समजावून सांगत होत्या. लोह कमी झालं की जिना चढताना धाप लागते, हातपाय गार पडतात, केस गळतात, काम करता करता डोळ्यांपुढे अंधारी येते. हा आळस नाही, गोळ्या घेतल्या की बरं वाटेल. पिंकी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. शांताबाई एकटक दीदींकडे बघत होत्या.

सांगून झाल्यावर पिंकी निघायला वळली. शांताबाई मात्र रक्त काढायच्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. हातातल्या बांगड्या त्यांनी वर सारल्या.

"माही सासू बी मले आळशीच म्हणायची; ती तर गेली," त्या म्हणाल्या. "तिले आता सांगता येत नाही. तरी माहं बी मोजून पाहा."