इंजिन पाहण्याचा कार्यक्रम

अभिनवने इंजिनाला कान लावला आणि कान भाजला. ओरडायची सोय नव्हती. मागे अनंतराव उभे होते. त्यांच्या मुलीसाठी, ओवीसाठी, अभिनवचं स्थळ गेलं होतं, होकार अजून यायचा होता. त्याऐवजी निरोप आला होता : एक जुनी गाडी घ्यायची आहे, तुम्ही जाणकार, जरा पाहून द्या.

गाडी म्हणजे रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या विनोदिनीबाईंची मॅटाडोर. आत समोरासमोर दोन बर्थ, गॅसची शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. चाकांवरचं बिऱ्हाडच. नंबर अजून मध्यप्रदेशचा. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, पण गाडीला ते कोणी कळवलं नव्हतं. पुढच्या दोन सीटांच्या मधलं झाकण उघडलं की खाली इंजिन. अभिनवला तिथे काहीतरी काळंकुट्ट दिसत होतं. त्यातलं इंजिन किती आणि ऑईल किती, हे त्याला शपथेवरही सांगता आलं नसतं.

"बाबू, ते इंजिन ना..." विनोदिनीबाई म्हणाल्या.

"काकू, एक मिनिट. मले ऐकू द्या."

इंजिन कधीच बंद केलेलं होतं. तरी तो ऐकत राहिला.

"पण मागच्या वर्षी..."

"तुम्ही नका सांगू. इंजिन स्वतः सांगते."

इथे एखादा पाना मागितला तर शोभून दिसेल, असं त्याला वाटलं. पण पान्यांना नंबर असतात, आणि नंबर चुकला असता. त्याने रुमालाला हात पुसले आणि निकाल दिला.

"ओरिजिनल आहे, काका. कंपनीतून निघालं तेव्हापासून कोणाचा हात लागला नाही. डोळे मिटून घ्या."

"अरे, इंजिन बदललेलं आहे!" विनोदिनीबाई कडाडल्या. "जीपचं आहे ते! कधीची तेच सांगून राहिली मी!" आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. आपल्यालाही चहा मिळणार, याची अभिनवला सगळ्यात जास्त लाज वाटली.

मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवू लागला. गल्ली अरुंद. दोघांना अंग चोरून गाडीतच चढावं लागलं. एका बर्थवर अनंतराव, समोरच्या बर्थवर अभिनव, गुडघ्याला गुडघा लागलेला. अनंतरावांनी खिशातून त्याचा बायोडाटा काढला.

"इथं तर लिहिलं आहे, छंद वाहनदुरुस्ती."

अभिनव पडद्यावरची फुलं मोजू लागला. सात झाल्यावर त्याला राहवलं नाही.

"काका, तो छंद माझा नाही. तात्यापाऱ्यातल्या कॉम्प्युटरवाल्याजवळ दुसऱ्या एका पोट्ट्याचा कागद तयार होता. त्यानं नाव बदललं, गोत्र बदललं, उंची बदलली. छंद तसाच राहिला. आई म्हणे, चांगला दिसते, राहू दे."

"मग आज आलात काहून? नाही म्हणायचं होतं."

"फोटो पाहिला होता," अभिनव म्हणाला. "ओवीचा."

अनंतरावांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"सतरा पोट्ट्यांचे कागद आले आमच्याकडे. त्यातला हा एक ठेवला. या एका ओळीपायी."

अभिनव उठला. डोकं टपाला आपटलं. तेही त्याला रास्तच वाटलं.

"येतो, काका. तुमचा वेळ घेतला."

"बसा." अनंतरावांनी मान वर केली नाही. "ओवीच्या कागदावर छंद काय आहे?"

"विणकाम."

"तो मीच टाकला. लोक काय म्हणतील म्हणून." त्यांचा आवाज खाली गेला. "माझ्या ओवीले साधी सुई ओवता येत नाही. हे इंजिन तिनं बदललं."