मांडीवरचा भाऊ

"बाई, मी परत आले," नव्याकोऱ्या गणवेशातली मोनाली वर्गाच्या दारातूनच म्हणाली. कडेवर नेहमीसारखा धाकटा भाऊ.

वस्तीवरच्या शाळेतल्या बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. वीटभट्टीच्या वस्तीवरून आठवीत जाणारी ही पहिलीच पोर. तिच्या बापाच्या हातापाया पडून बाईंनीच तिचं नाव गावातल्या हायस्कुलात घातलं होतं.

"अगं, पहिल्याच दिवशी? काय झालं?"

"सर म्हणाले, ही शाळा आहे की पाळणाघर? सगळी पोरं हसली, बाई. तुम्ही तर कधी काही म्हणत नव्हता."

खरंच होतं. आईबाप भट्टीवर गेले तर भावंडं मांडीवर घेऊन बसा, पण शाळा बुडवू नका, हे बाईंचंच सांगणं. त्यापायीच पोरी सातवीपर्यंत टिकल्या. मोठ्या शाळेत असं चालत नाही, एवढं सांगायचं मात्र राहूनच गेलं.

"ठेव त्याला माझ्याकडे," बाई म्हणाल्या खऱ्या. पण हायस्कूल सातला भरतं आणि बाईंची एसटी दहाला येते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

शेवटी मोनालीनंच बाईंची समजूत घातली. "एवढं काय त्यात? हा पहिलीत आला, की मी जाईन आठवीत."

भाऊ अजून रांगतही नव्हता.