हेस्लिन नर्सचा भाव

ओळखीच्या माणसाच्या नावावर राष्ट्राध्यक्षपदाची पैज लावू नये, हे पॅकी गिलरेनने डर्व्हलाला आधीच बजावलं होतं. पैजांच्या कंपनीची त्याची टपरीवजा शाखा, आणि तिथे उभा राहून तो तिलाच परत पाठवायला निघालेला. "नाव एकदा फळ्यावर चढलं की लोकांना वाटतं, कुणाला तरी काहीतरी कळलंय," असं म्हणत त्याने तिची दहा युरोची नोट बराच वेळ काउंटरवर तशीच पडू दिली होती. डर्व्हला हसली. नोकरीतून निवृत्त होऊनही जी बाई आठ महिने दिवसाआड येऊन तिच्या बाळाचं वजन करून गेली, तिच्यासाठी एवढी गंमत चालायची. शेवटी पॅकीने कंपनीला फोन केला. नुआला हेस्लिन, भाव एकाला पाचशे.

त्याला तीन आठवडे झाले. खाटकाने पाच युरो लावले, कारण फळ्यावर नवं नाव दिसलं. पोस्टातल्या बाईने दहा लावले, कारण खाटकाने लावले होते. नावावर जितका पैसा येतो, तितका भाव उतरतो: पाचशेचे अडीचशे झाले, अडीचशेचे साठ. मग रेडिओवर सांगितलं, लायट्रिम काउंटीतल्या एका निवृत्त नर्सवर पैसा येतोय, आणि त्या दिवशी भाव तेहतीसवर उतरला. एक वार्ताहर तिच्या फाटकाचा फोटो काढून गेला. राजधानीत, डब्लिनला, वरच्या वर्तुळात काहीतरी ठरलंय, उगाच भाव उतरत नाही, असं सगळं गाव म्हणू लागलं. पक्ष पाठीशी नसेल तर निवडणुकीला उभं राहायला चार काउंटी कौन्सिलांचा, म्हणजे जिल्हा परिषदांचा, पाठिंबा लागतो. त्यातल्या पहिल्या कौन्सिलने, कॅरिकच्या, हेस्लिन नर्सला पाठिंबा मागायला, बोलायला वेळ दिली. आज, सोमवारी, अकराची.

आज सकाळी साडेआठला डर्व्हला बाळाला कडेवर घेऊन तिच्या मागच्या दाराने आत शिरली. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती.

"बरं झालं आलीस," हेस्लिन नर्स म्हणाली. स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरलेले होते. "घड्याळ बघ. दहा मिनिटं दिलीत त्यांनी, माझी बारा होतात."

"मला काहीतरी सांगायचंय."

"आधी ऐक."

ती उभी राहिली. "पंचेचाळीस वर्षं मी लोकांच्या घरात मागच्या दाराने गेले," तिने सुरुवात केली. "पुढचं दार पाद्र्यासाठी आणि डॉक्टरसाठी असायचं. मागच्या दाराने गेलं की कळतं, कोळसा संपलाय का, कोण कुणाशी बोलत नाही..." तिचा आवाज कुठेही चढला नाही. डर्व्हला ऐकत राहिली.

"किती झाली?"

"बघायचंच राहिलं."

"वा. सेक्रेटरी मिळाली मला." हेस्लिन नर्सने चष्मा काढला. "एक गोष्ट मला उलगडत नाही बघ. पहिला पैसा कुणाचा? पॅकी काही केल्या तोंड उघडत नाही. मला वाटतं आमची जुनी मेट्रन. तिचा भाऊ सरकारात वर होता."

"माझा," डर्व्हला म्हणाली.

हेस्लिन नर्सने बाळाचा घसरलेला मोजा वर ओढला. "किती?"

"दहा."

"आणि बाकीच्यांनी?"

"भाव उतरतोय म्हणून लावले. आणि त्यांनी लावले म्हणून भाव उतरत गेला."

"म्हणजे डब्लिनला कुणी नाही."

"नाही."

"मेट्रनसुद्धा नाही."

डर्व्हलाने मान हलवली. हेस्लिन नर्सने आपला कप उचलला, नळाखाली धुतला, पुसला, पुन्हा धुतला. पाठमोरीच म्हणाली, "एकाला पाचशेच्या भावाने तुला पाच हजार मिळाले असते. काय करणार होतीस त्यांचं?"

"तो विचारच केला नव्हता. तुमचं नाव फळ्यावर कसं दिसतं ते बघायचं होतं."

"कसं दिसत होतं?"

"शोभत होतं."

"हं." तिने खुंटीवरचा निळा कोट घेतला. बाहीला दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. ती तिने दातांनी तोडली. कागद गोळा करून पिशवीत घातले.

"जाऊ नका ना," डर्व्हला म्हणाली. "तिथे पेपरवाले असतील. हसतील."

"वेळ दिलीय त्यांनी, पोरी. निदान कळवायला तरी जायला हवं."

"म्हणजे भाषण करणार नाही तुम्ही?"

"दार ओढून घे," हेस्लिन नर्स म्हणाली आणि बससाठी निघाली.

बाळाला कालपासून कणकण आहे, म्हणून डर्व्हलाला मागोमाग जाता आलं नाही. कौन्सिलची बैठक फोनवर बघता येते, पण कॅमेरा फक्त सभासदांच्या खुर्च्यांवर रोखलेला असतो. सव्वाअकराला एका सभासदाने हातातलं पेन खाली ठेवलं. मग शेजारच्याने. मग सगळेच कॅमेऱ्याबाहेर एका बाजूला बघू लागले, आणि कुणी हसत नव्हतं. आवाज येत नव्हता. थोड्या वेळाने चित्रही गेलं.

आता दीड वाजलाय. एकची बस आली, तीतून ती उतरली नाही. तिचा फोन इथेच, तिच्या स्वयंपाकघरात वाजतोय. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता कॅरिकमध्ये असेल तर कौन्सिलच्या इमारतीपाशी जाऊन या. उंच आहे, केस पांढरे, अंगात निळा कोट. एकटी बसलेली दिसली तर शेजारी बसा. लोकांच्या घोळक्यात दिसली तर काही बोलू नका. फक्त ती काय सांगतेय, ते नीट ऐकून या.