सीतेच्या वेणीचं पहिलं बक्षीस

"सात वर्षं पोटच्या पोरीसारखी वाढवलीय, मॅडम!" पुष्पप्रदर्शनात कुंडीशेजारी छाती फुगवून उभे असलेले बोंद्रेवकील म्हणाले. कुंडीतलं सीतेची वेणी हे ऑर्किड गुलाबी तुऱ्यांनी लवलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'बियांपासून घरी वाढवलेलं'.

असले बढाईखोर पायलीला पन्नास मिळतात, असं परीक्षक शालनताई गुरवांचं मत होतं. "पाणी कसं घालता?" त्यांनी विचारलं.

"रोज दोन वेळा, चांगली कुंडी भरून!"

एवढ्या पाण्यात हे ऑर्किड महिन्याभरात कुजलं असतं. ताईंनी वरचा काथ्या बोटाने बाजूला सारला. खाली मुळांनी अंजनीच्या फांदीचा तुकडा घट्ट धरला होता. त्यावरचं घाटातलं शेवाळ अजून ओलं होतं, कोयत्याचा घाव ताजा.

वकिलांनी घाईघाईने काथ्या सारखा केला. "नंबराचं तेवढं बघा की, मॅडम."

"बघते ना." पहिल्या बक्षिसाच्या कार्डावर, वाढवणाऱ्याच्या नावापुढे, ताईंनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'घाटातलं अंजनीचं झाड', आणि कार्ड कुंडीत खोचलं. "बक्षीस घ्यायला त्यालाच पाठवा," त्या म्हणाल्या, "अजून उभं ठेवलं असलंत तर."