कोरड्या शेवया

"त्यांच्या हातचं खाऊ नका," असं पक्षाच्या साहेबांनी सभेत सांगितलं, तेव्हापासून भावनाने शेजारच्या गुलशनकडचा शिरखुर्मा घेणं बंद केलं. मग गुलशन दर ईदला कोरड्या शेवया, साखर आणि दुधाची पिशवी दारात आणून द्यायला लागली.

यंदा साहेब स्वतःच मुसलमान झाले. रोडपालीत घरोघरी टीव्हीवर तेच. ईदच्या सकाळी भावना वाटी घेऊन गुलशनकडे गेली.

"आता काय, साहेबच तुमच्यात आले. शिजवलेलाच दे गं, माझ्या रियालाही चव कळू दे."

गुलशनने वाटी भरली, पण वर पाहिलं नाही.

"भाभी, तिला रागावू नका. रिया दर ईदला इथेच खाते. तुम्हाला कळू नये म्हणून मीच तिचं तोंड धुऊन पाठवते."