दारापासून लांब

कुमीसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा हातोहात वर सरकत होता आणि जिपारची नजर त्याच्या मागे मागे. तो बाबांच्या हातात आल्यावर काय होतं, एवढंच तिला पाहायचं होतं.

मामबेटच्या नातवाला आज पाळण्यात घातलं होतं. युर्ताचा गोल तंबू माणसांनी गच्च भरला होता. बाबा, म्हणजे असनकुल, दारापासून सर्वांत लांब, समोरच्या टोकाला, मानाच्या जागी बसले होते. गावात त्यांच्याहून वडील कुणी उरलं नव्हतं. जिपार खाली, दाराशी, लेकीसुनांच्या रांगेत.

गेल्या वर्षी तिची एक किडनी बाबांच्या पोटात, उजवीकडे खाली बसवली होती. तेव्हापासून त्या किडनीला तीनदा जंतुसंसर्ग झाला. तिसऱ्या खेपेला बिश्केकच्या डॉक्टरीणबाई जिपारला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताप उतरतो, पण किडनी पूर्वीसारखी होत नाही. दर वेळी थोडी जाते. असंच चाललं तर ती टिकायची नाही."

कुठेतरी पाणी मुरत होतं. जिपारचा संशय बुरुलवर होता. बुरुल बाबांची दुसरी बायको, जिपारहून थोडीच मोठी. जिपार तिला आई म्हणत नसे, एजे म्हणे, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. बाबांना कच्चं दूध आणि कुमीस सक्त मना, आणि ही बाई रोज घोडी दोहणारी. जिपार घरी आली की वाडगे हुंगायची, गोळ्यांची डबी हलवून बघायची, नमद्याच्या गालिच्याखाली हात घालायची. काही सापडत नसे. त्यामुळे संशय आणखीच वाढे.

वाडगा बाबांकडे आला. त्यांनी तो मिशीला टेकवला आणि शेजाऱ्याकडे दिला. गळा हललासुद्धा नाही.

मग चहा आला. बाबांनी वाडग्यावर तळवा ठेवला. पाण्यालाही मानेनेच नको म्हटलं. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"एजे, बाबा काही पीत का नाहीत?"

"मला कशाला विचारतेस?" शेजारी चहा ओतत बसलेली बुरुल किटलीवरची नजर न काढता म्हणाली. "वाडगा हुंगून बघ. कळेल."

मग किटली खाली ठेवून बुरुलच हळू आवाजात म्हणाली, "कुणाकडे जेवायचं असलं की सकाळपासून थेंब घेत नाहीत. उन्हाळाभर हेच."

"का पण?"

बुरुलने हनुवटीने वर दाखवलं. "तिथून उठून बघ एकदा."

जिपारने पाहिलं. बाबांपासून दारापर्यंत गुडघ्याला गुडघा लावून म्हातारे बसलेले. ते उठले तर सगळ्यांना उठावं लागणार. त्यात मेंढ्याचं डोकं आत्ताच त्यांच्यासमोर ठेवलेलं. त्यांनी ते कापून वाटल्याशिवाय कुणी घासाला हात लावणार नाही. बाबा हसून बोलत होते. कपाळावर घाम होता आणि उजवा हात कोटाच्या आत, पोटावर खाली दाबलेला. ती त्यांची सवय आहे, असं जिपार इतके दिवस समजत होती.

भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही, हे तर डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाबांनी तेव्हा मान डोलावली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं तर माझ्या हातचं खाणार नाही म्हणाले. त्यांना म्हटलं, दाराशी बसा. तर म्हणे, लोक म्हणतील असनकुल संपला."

जिपार उठून उभी राहिली.

"बाबा, मला जरा बाहेर जायचंय. मामबेटकाकांचा कुत्रा सुटलाय. सोबत या ना."

युर्तात हसू पसरलं. ओमुर म्हातारा म्हणाला, "बघा, पोट चिरून घेताना घाबरली नाही, आणि कुत्र्याला घाबरते."

मामबेट काही बोलायला तोंड उघडणार, तोच बुरुलने त्याच्या हातात चहाचा वाडगा कोंबला.

बाबा जिपारकडे बघत राहिले. मग सुरी खाली ठेवून, शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत उठले. त्यांच्यामागून सगळी रांग उठली.

बाहेर ऊन होतं. खुंटा होता, त्याला गंजकी साखळी होती. कुत्रा कुठेच नव्हता.

"कुठंय कुत्रा?" बाबांनी विचारलं.

"पुढच्या जेवणालाही सुटलेला असेल."

बाबा घोड्यांच्या कुंपणामागे गेले. जिपार पाठ करून उभी राहिली. बराच वेळ काहीच नाही. मग बारीकशी धार, थांबली, पुन्हा लागली.

"ऐकू नकोस गं," बाबा कुंपणामागून म्हणाले.

"ऐकणारच," जिपार म्हणाली. "माझीच आहे ती."