तीन चांदण्या

"एका मिनटात झोपवतो त्याला. दुसऱ्या मिनटाला मी चहा पीत असेन," वाटूर फाट्यावर जीपमधून उतरल्या उतरल्या हनोख नागावकर म्हणाला. जत्रा कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब यांना हे वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते तासाभरात हनोखच्या फोटोखाली फ्लेक्सवर छापून घेतलं.

मग हनोखनं आदिनाथला पाह्यलं.

आदिनाथ धावड्याचा. कुस्ती सोडून वर्षभरापूर्वी बॉक्सिंगमध्ये आलेला. वजनं आडतीवरच्या सोयाबीनच्या काट्यावर झाली. हनोख एकाहत्तर किलो, आदिनाथ चौऱ्याऐंशी. हनोखनं आकड्याकडं बोट दाखवलं. आडत्यानं पोत्याचं बारदान वजा धरतात तसे तेरा किलो वजा धरले आणि जोड बराबर असल्याचं सांगितलं.

 हनोख कोकणातल्या ज्यू घरातला. आजोबांपर्यंत तेलाचा घाणा होता, हा मात्र ठाण्यात वाढला आणि पैसे घेऊन लढणारा बॉक्सर झाला. अकरा लढती, अकराही जिंकलेल्या. समोरचा गडी नेहमी हनोखचा मेहुणाच शोधून आणायचा. एक जण काविळीतून उठून आलेला होता, एकाचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. यंदा मेहुणा इस्राएलला नोकरीला गेलेला. आणि पुण्याच्या एका जिमनं हनोखला 'अपराजित' म्हणूनच कोच नेमलं होतं, येत्या सोमवारपासून. आज हरला तर नोकरी गेली. न हरता मार खाल्ला तरी सोमवारी शिट्टी वाजवायला पुढचे दात लागणार होते.

ट्रॉल्या जोडून केलेल्या रिंगणात आदिनाथ बसला होता. पापणी न लववता बघत होता. ओठ सारखे हलत होते. शिव्याच असणार, हनोखला वाटलं. आदिनाथनं दोर धरला की अख्खी ट्रॉली थरथरायची. असली ताकद हनोखनं जन्मात पाह्यली नव्हती. आणि मग त्याला आठवलं, की आज शनिवार आहे.

अकरापैकी सात लढती त्यानं शनिवारीच मारल्या होत्या. पण ते वाटूरला कोणाला माहीत नव्हतं.

"काकासाहेब, आज आमचा शब्बाथ, काम न करायचा वार," तो म्हणाला. "आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत मी हात उचलू शकत नाही."

हिशोब साधा होता. पोलिसांची परवानगी आठपर्यंतची. डोक्यावर चार हॅलोजन आणि जत्रेचा धुरळा. आठपर्यंत वरती चांदणी काय, चंद्रसुद्धा दिसला नसता. लढत रद्द, दात शाबूत, अकराचे अकरा कायम.

काकासाहेब चिडतील असं त्याला वाटलं होतं. काकासाहेबांनी हात जोडले. माइकवरून सांगितलं, की पाहुण्यांचं कडक व्रत आहे आणि आपल्या आदिनाथचाही मारुतीचा शनिवारच आहे, तर सगळ्यांनी दमानं घ्यावं. दोन हजार माणसं खाली बसली. काकासाहेबांच्या आई मालनबाई साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. उपास नाही, असं हनोख तीनदा म्हणाला. उपासाचं असं बोलून दाखवू नये हेच खरं, म्हणत त्यांनी चौथा चमचा वाढला.

सात वाजले. साडेसात झाले. वर नुसता पांढरा उजेड. आदिनाथ तिसऱ्यांदा बाभळीमागं जाऊन आला आणि घागरभर पाणी प्याला. हनोख रिंगणातल्या आपल्या कोपऱ्यात घड्याळाकडं बघत होता. पावणेआठला त्याला पहिल्यांदा नीट श्वास आला.

तेवढ्यात मालनबाई उठल्या.

"चतुर्थीला चंद्र बघितल्याबिगर आपण घास खातो का?" त्या लेकाला म्हणाल्या. "एवढे लाइट लावल्यावर लेकराला चांदणी कशी दिसंल? इझव सगळं."

काकासाहेबांनी लाइनमनला फोन लावला. हनोखनं मधे हात घातला, गावाला कशाला त्रास म्हणाला, तर काकासाहेबांचे डोळेच भरून आले. पुढच्या मिनटाला हॅलोजन गेले, पाळणे गेले, भेळीच्या गाड्या गेल्या, वाटूर गेलं. डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा अंधार झाला.

"एक," मालनबाईंचा आवाज आला. "त्या लिंबाच्या शेंड्यावर."

 अंधारात पलीकडून ट्रॉली थरथरत होती. तो तयार होतोय, हनोखच्या मनात आलं.

"दोन," पोरी ओरडल्या.

त्यानं वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या. फळ्या वाजू नयेत म्हणून बूट काढून हातात घेतले. दोराखालून सरपटत तो ट्रॉलीच्या मागच्या अंगाला उतरला. समोर कापसाच्या पऱ्हाटीचं रान, पलीकडं मंठ्याचा रस्ता. एखादा ट्रक मिळाला असता.

"तीन," अख्खं गाव म्हणालं. कोणीतरी शिट्टी मारली. काकासाहेब लाइनमनला फोनवर सांगत होते, चालू कर, जल्दी कर.

हनोख मान खाली घालून जीव खाऊन पळाला.

लाइट आले तेव्हा रिंगणात कोणी नव्हतं. पऱ्हाटीच्या दुसऱ्या ओळीत हनोख आणि आदिनाथ शेजारी शेजारी उताणे पडले होते. दोघांच्या कपाळावर एकसारखं टेंगूळ होतं आणि दोघांच्या हातात आपापले बूट होते. पंचानं ट्रॉलीवरून खाली उडी मारली, त्यात त्याचा पाय मुरगळला, म्हणून त्यानं बसूनच दहापर्यंत मोजलं.